तुमच्या नावानं आलेला बदल

हमीदभाई, तुम्हाला मातीत ठेवून माणसं घरी परतली. मी भाभींच्या गळ्यात पडून रडले, त्यांच्या बहिणीनं बळंच हातात दिलेला चहा प्यायले आणि दिघीच्या जेट्टीवर येऊन आगरदांड्याच्या फेरीत चढले. फेरी खाडीच्या मध्यावर आली तेव्हा फोन थरथरला. आपल्या 'ओहोटी' ॲपच्या कोडमध्ये नवा बदल आला होता आणि तो माझ्या मंजुरीसाठी थांबला होता. पाठवणाऱ्याचं नाव होतं हमीद.

दुसऱ्या कुणाच्या अंगावर काटा आला असता, किंवा तिनं फोन छातीशी धरला असता. माझ्या डोक्यात पहिला शब्द आला तो 'चोर'. ह्याला तुम्हीच जबाबदार आहात.

मी तिथंच, रेलिंगला टेकून, तो बदल उघडला. वरवर पाहता 'ओहोटी'त वापरलेल्या सगळ्या जुन्या लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले कोडचे तयार भाग, एका दमात नव्या केल्या होत्या. नेमकं तेच, ज्यासाठी मी कित्येक वर्षं तुमच्याशी भांडले आणि तुम्ही कित्येक वर्षं नाही म्हणालात. वर एकच ओळ लिहिली होती, 'बाहेरचे भाग अद्ययावत केले.' तुम्ही? एक स्वल्पविराम हलवला तरी पानभर कारण लिहिणारे तुम्ही?

फेरी आगरदांड्याला लागायच्या आत मी तुमचे सगळे अधिकार काढून घेतले. तुम्ही सुरू केलेल्या प्रकल्पात तुमच्याच नावाला कुलूप लावलं. स्क्रीननं विचारलं, खात्री आहे का? मी 'हो' दाबलं. मग मुरूडच्या एसटीत बसून मात्र हुंदके देत राहिले. शेजारची बाई विचारत राहिली, घरातलं कोन गेलं काय गो? मी 'हो' म्हणाले.

तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे, पण हे वाचणाऱ्यांना नसेल, म्हणून सांगते. 'ओहोटी' हे भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारं फोनवरचं ॲप. कुठल्या बंदरावर किती वाजता किती पाणी असेल, आणि गाळ साचलेल्या खाडीच्या तोंडातून होडी कधी आत घेता येईल, हे ते सांगतं. आखातातल्या एका बंदरात आयुष्य काढून तुम्ही दिघीला परत आलात आणि रिकामं बसवेना म्हणून ते लिहिलंत. फुकट ठेवलंत आणि उघडं ठेवलंत, म्हणजे आतला कोड कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. थळपासून श्रीवर्धनपर्यंतच्या होड्यांवर ते वापरतात. माझे वडील, आमचे दादा, वापरतात. त्यांची होडी एकदा थळच्या बंदराबाहेर वाळूत रुतून बसली, कारण ॲपनं पाण्याची वेळ चुकीची दाखवली होती. मी तेव्हा कॉलेजातून नुकती बाहेर पडले होते. मी तुम्हाला तावातावानं मेल लिहिला. तुमचं उत्तर दोन ओळींचं आलं. 'चूक बरोबर दाखवलीत. आता दुरुस्त करा, कोड उघडा आहे.'

मी दुरुस्त केली आणि तुम्ही ती परत पाठवलीत. पुन्हा केली, पुन्हा परत. तिसऱ्या खेपेला मी वैतागून फोन केला, तर तुम्ही म्हणालात, "बाय, तू कोण हायस मला म्हाईत न्हाय. तुझ्या कोडमध्ये काय हाय तेवढं माझ्या हातात हाय. मी तेवढंच बघणार." आणि मग लगेच, "थळवरनं येतीस? मंग रविवारी जेवायलाच ये."

त्या रविवारी तुमच्या पडवीत बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी खाताना मला कळलं की जेवण हीसुद्धा तुमची तपासणीच होती. माझं गाव, माझे दादा, उरणची माझी भाड्याची खोली, न्हावा शेव्याच्या कंपनीत मी नेमकं काय करते, सगळं तुम्ही गोड बोलून काढून घेतलंत. भाभी आतून ओरडल्या, "अहो, पोरीला जेवू द्या, पासपोर्ट काढताय काय तिचा?" तुम्ही हसलात, पण प्रश्न थांबवले नाहीत. काही महिन्यांनी तुम्ही मला मंजुरीचा अधिकार दिलात आणि नियम घातलात की कुणाचाही बदल त्याच्या एकट्याच्या मर्जीनं आत जाणार नाही. तुमचा माझ्या मंजुरीनं, माझा तुमच्या.

लायब्ररींवरचं आपलं भांडण त्या पडवीतच सुरू झालं. आजकाल कुठलाही प्रोग्राम कुणी मुळापासून लिहीत नाही. वेळेचा हिशोब करणारा भाग कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला असतो, नकाशा काढणारा कुणीतरी, सर्व्हरवरून आकडे आणणारा आणखी कुणीतरी. तो आपण उचलायचा आणि आपल्यात बसवायचा. लिहिणारा जगाच्या पाठीवर कुठं असतो, ते आपल्याला ठाऊक नसतं. तो त्यात सुधारणा करत राहतो आणि आपण वेळोवेळी नवी आवृत्ती घ्यायची असते. तुम्ही घेत नव्हतात.

"हमीदभाई, आकडे आणणारी ही लायब्ररी इतकी जुनी झालीय की लिहिणाऱ्यानंसुद्धा तिला सोडून दिलंय. समोरून उत्तर देणारा खरा आपलाच सर्व्हर आहे का, हे ती नीट तपासत नाही. मध्ये कुणी बसला तर खोटे आकडे देईल. हे भोक सगळ्या जगाला माहीत आहे."

"मलाबी म्हाईत हाय. म्हणून आकडे आल्यावर मी ते दुसऱ्यांदा तपासतो. जुन्यातलं भोक कुठं हाय ते म्हाईत हाय. नव्यातलं कुठं हाय, सांग."

"नव्यात नसेलही."

"नसेल म्हंजे? वाचलीस?"

"सगळं कोण वाचतं हो?"

"चोर पण ह्याच भरवशावर असतो, बाय."

मी चिडून म्हणायचे की तुमच्या संशयापायी 'ओहोटी' एक दिवस बंद पडेल, नव्या फोनवर चालणारच नाही. तुम्ही म्हणायचात, बंद पडली तर लोक बंदरावर येऊन पाणी बघतील. खोटं बोलली तर बघायला पण येणार न्हाईत. हे ऐकून मी आणखी चिडायचे. पण मी बरोबर होते, हमीदभाई. जुनं तसंच ठेवणं म्हणजे सांभाळणं होत नाही. हे तुम्ही एकदा तरी तोंडानं म्हणायला हवं होतं.

आणि मग तो परका आला. त्यानं स्वतःचं नाव ब्लूहेरॉन ठेवलं होतं, खरं नाव आपल्याला कधीच कळलं नाही. आधी त्यानं स्पेलिंगच्या चुका सुधारल्या, मग एक-दोन खरंच चांगले बदल पाठवले. मग हळूच म्हणू लागला की नकाशा काढणारी लायब्ररी फार जुनी आहे, नवी घ्या, हवं तर मीच बसवून देतो. मला तो माझ्या बाजूचा वाटला. तुम्ही मात्र त्याचं नाव काढलं की कपाळाला आठ्या घालायचात.

"ह्यो माणूस कधी चिडत न्हाय. मी त्याचे चार बदल परत पाठवले, चारी वेळा थँक्यू म्हणाला. तू एका वेळेला फोन करून भांडलीस."

"म्हणजे भांडणारी माणसं चांगली का?"

"भांडणाऱ्याला कामाची घाई असते. ह्याला कशाची घाई हाय ते कळत न्हाय."

"आपण त्याला पाहिलेलं नाही म्हणून तुम्ही असं बोलता. मला तरी कुठं पाहिलं होतंत?"

"म्हणून तर तुला जेवायला बोलावलं."

नंतर नकाशाच्या त्या लायब्ररीची मालकी बदलल्याचं कळलं. मूळ लिहिणाऱ्यानं थकून ती दुसऱ्या कुणाला देऊन टाकली होती. तुम्ही तर हट्टालाच पेटलात. आणि गेल्या पावसाळ्यानंतर तुमची उत्तरं उशिरा येऊ लागली. मला वाटलं, रुसलात. ब्लूहेरॉननं मला लिहिलं, 'हमीद यांची तब्येत बरी नाही का? त्यांच्यावर भार पडत असेल तर त्यांची जागा मी सांभाळू शकतो.' मी तेव्हा ते वाचून सोडून दिलं. फेरीवर तो बदल पाहिला तेव्हा मला आधी तेच आठवलं. जे मला ठाऊक नव्हतं, ते ह्याला कसं ठाऊक होतं?

म्हणून मी वाचायला बसले. थळच्या घरी, ओट्यावर, ऑफिसातून रजा काढून. बदलावर तारीख जुनी होती, रमजानच्या आधीची, पण ती तारीख कुणालाही हवी ती घालता येते हे तुम्हीच मला शिकवलं होतंत. खाली तुमची डिजिटल सही होती, पण ती सही तुमच्या लॅपटॉपमध्ये राहते आणि लॅपटॉप त्या दिवशी माणसांनी भरलेल्या घरात उघडा पडला असेल. मी सगळ्यांवर संशय घेतला. ब्लूहेरॉनवर घेतला. त्या दिवशी घरात वावरणाऱ्या, तोंड ओळखीच्या पण नाव माहीत नसलेल्या तुमच्या पुतण्यांवर घेतला. आणि मग, हमीदभाई, तुमच्यावर घेतला. तुम्ही त्या परक्याशी परस्पर काही ठरवलंत का? आजारपणात कंटाळून त्याच्या हाती सोपवून टाकलंत का? हा संशय सगळ्यात वाईट होता. चोर आला असता तर मी नुसती चिडले असते. तुम्ही मला वगळून काही केलं असतं, तर मग त्या पडवीतल्या सगळ्या भांडणांचा अर्थ काय उरला असता?

दादा जाळ्याची शिवण करत समोर बसले होते. म्हणाले, "गेलेल्या मानसाचा काय तपास करतंस?"

"त्यांच्या नावानं कुणी आत शिरलंय का ते बघते."

"मंग बघ. त्यानं पण बघितलं आसतं."

मी प्रत्येक लायब्ररीची जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी ठेवून वाचली. तुम्ही वाचायचात तशी, ओळीवर बोट ठेवून. सगळ्यात आधी नवी केलेली लायब्ररी आकडे आणणारी होती, जिच्यातल्या भोकावरून मी भांडायचे ती. नुसती नवी केली नव्हती, समोरचा सर्व्हर खरा आहे का ह्याची जास्तीची तपासणी वर लिहिली होती. वेळेची नवी केली होती आणि तिच्यामुळे आपल्या कोडमध्ये जिथं जिथं बदल लागत होते, तिथं तिथं ते केले होते. आणि नकाशाची लायब्ररी कुठं दिसेना. मी पुन्हा पुन्हा शोधलं. ती नवीही केली नव्हती, जुनीही ठेवली नव्हती. ती काढूनच टाकली होती. तिच्या जागी साधा, स्वतः लिहिलेला कोड होता. किनारा एका रेघेनं काढणारा, रंग नाहीत, सजावट नाही, ओबडधोबड. नावं देण्याची ती पद्धत, प्रत्येक पायरी वेगळी लिहायची ती सवय. कागदावरचं तुमचं अक्षर मी जसं ओळखलं असतं, तसंच मी ते ओळखलं.

मग मी नकाशाच्या त्या लायब्ररीची नवी आवृत्ती उघडली, जी ब्लूहेरॉनला आपल्या गळ्यात घालायची होती. अर्धा दिवस वाचल्यावर एका कोपऱ्यात, नकाशाशी काही संबंध नसलेल्या फाइलमध्ये, सापडलं. फोन कुठं आहे ते ती अधूनमधून कुठल्याशा पत्त्यावर कळवत होती. कोळी कुठं जाळं टाकतो, हे त्याच्या शेजारच्या होडीला तो सांगत नाही, आणि ही लायब्ररी ते कुणाला तरी सांगत बसली असती. ज्याला आत शिरायचं होतं, त्यानं नेमकी हीच लायब्ररी कशाला काढून टाकली असती? माझा तुमच्यावरचा संशय गेला तो तिथं. ब्लूहेरॉनला हे ठाऊक होतं की तोही न वाचताच नवं घ्या म्हणत होता, ते मला अजून कळलेलं नाही.

राहिला एकच प्रश्न. तुम्ही मातीत होतात, मग पाठवलं कुणी?

मी पुन्हा दिघीला आले. भाभी इद्दतीत, नवरा गेल्यावर पाळायच्या दिवसांत, म्हणून घरातच. दारातून मला पाहून त्यांचा चेहरा असा झाला की मला समजलं, ह्या वाट बघत होत्या.

"आलीस? आता भांड माझ्याशी."

"भाभी, बटण तुम्ही दाबलंत?"

"मी नाय तर कोण? त्यांनीच दाखवून ठेवलं होतं. आधी म्हणत होते, ईद झाल्यावर स्वतः पाठवतो, अजून वाचून व्हायचंय. दम लागायचा, दोन ओळी लिहून पडायचे. मग एक दिवस मला बोलावून म्हणाले, हे बटण बघून ठेव. मी गेलो तर वैशाली येल. ती घरात असताना दाबू नको, ती फेरीला गेली का मंग दाब."

"मी गेल्यावर का?"

भाभींनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. "म्हणाले, माझ्या घरात बसून रडत असली तर रडत रडत मंजूर करील. वाचणार न्हाय."

मला तुमचा इतका राग आला, हमीदभाई. मेलेल्या माणसाचा राग येतो आणि तो कुठं ठेवायचा ते कळत नाही. मी म्हणाले, "आजारी आहेत हे मला एकदा सांगायचं होतं भाभी. एक फोन."

"मी म्हटलं होतं. तर म्हणाले, सांगितलं का ती भांडायची बंद होईल. मग माझ्या चुका कोण काढील?" भाभींनी डोळे पुसले. "मला हे पटलेलं नव्हतं गो. त्या दिवशी बायकांना बाहेर बसवून बटण दाबायला आत गेले, तर त्या म्हणाल्या, हिला झालंय काय. पण त्यांनी सांगून ठेवलेलं, कसं मोडू?"

त्या दिवशी मी तिथं जेवले. भाभींनी तुमचा लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, "घेऊन जा. तुझ्या कामाला येल." मी घेतला, पण तुमच्या सहीची चावी त्यांच्यासमोर त्यातून पुसून टाकली आणि का पुसली ते सांगितलं. त्यांनी मान डोलावली, जणू हा घरचाच रिवाज होता.

मंजुरी मात्र मी तरीही दिली नाही. बदल तुमचा आहे हे सिद्ध झालं होतं, तो बरोबर आहे हे कुठं झालं होतं? मी तो माझ्या फोनवर घातला आणि थळच्या बंदरावर दादांबरोबर जाऊन बसले. वेळा बरोबर येत होत्या. किनाऱ्याची तुमची ती एका रेघेची आकृती उन्हात जुन्या नकाशापेक्षा जास्त स्पष्ट दिसत होती. आणि तेवढ्यात भरतीचा इशारा वाजला. समोर पाणी उतरत होतं, चिखल उघडा पडत होता, आणि फोन होडी आत आणा म्हणून ओरडत होता.

दादा पोट धरून हसले. "आरं, यो सुकतीला भरती म्हनतंय!"

मी तिथंच बसून इशाऱ्याचा कोड उघडला. वेळेची नवी लायब्ररी स्पष्ट सांगितलं नाही तर भारताची वेळ देत नाही, साडेपाच तास मागची देते. तुम्ही बाकी सगळीकडे ते सांगितलं होतंत. फक्त इशाऱ्याच्या त्या एका जागी राहून गेलं होतं. साडेपाच तास म्हणजे जवळजवळ भरतीच्या जागी ओहोटी. त्या इशाऱ्यावर विसंबून कुणी होडी आत घेतली असती, तर ती दादांच्या होडीसारखीच वाळूवर बसली असती, आणि वारं असतं तर नुसती बसली नसती.

मी ती ओळ दुरुस्त केली. मग नियम आडवा आला. माझी दुरुस्ती मंजूर करायला दुसरं माणूस हवं, आणि ते माणूस तुम्ही. मी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं की हमीद आता नाहीत, हे कुणीतरी वाचा. पहिली मंजुरी ब्लूहेरॉनची आली, इतक्या लवकर की त्यानं फाइल उघडली असेल की नाही शंकाच आहे. सोबत तुमच्या जाण्याबद्दल सुंदर शब्दांत दुःख. मी ती मंजुरी धरली नाही. त्याला नकाशाच्या लायब्ररीतली ती फाइल दाखवून विचारलं, हे तुला माहीत होतं का? तेव्हापासून तो गप्प आहे. नंतर श्रीवर्धनच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एका बाईंनी आठवडाभर घेतला, मला नको नको ते प्रश्न विचारले, दोनदा परत पाठवलं आणि मग हो म्हणाल्या. तेव्हा कुठं मी तुमच्या बदलाला मंजुरी दिली. आता नवी आवृत्ती सगळ्यांच्या फोनवर गेली आहे. दादा रोज तिच्यावर निघतात. मी सुट्टीला घरी असले की बंदरावर जाऊन फोन आणि पाणी दोन्ही बघते.

तुम्हाला एक विचारायचं होतं. ती इशाऱ्याची ओळ खरंच राहून गेली, की मी वाचते का ते बघायला तुम्ही मुद्दाम ठेवलीत? भाभींना विचारलं, त्यांना ठाऊक नाही. कोडवरून कळत नाही, मी पुष्कळ वेळा पाहिलं. तुम्ही दोन्ही करू शकला असतात. पण माणसं ज्याच्यावर समुद्रात जातात, त्यात तुम्ही खोटं ठेवाल हे मला पटत नाही. म्हणून मी धरून चालले आहे की ती चूक होती. दम लागलेल्या, दोन ओळी लिहून आडवं होणाऱ्या माणसाची चूक. परीक्षा असती तर मी फक्त पास झाले असते. चूक असेल तर, हमीदभाई, मी तुमच्या एकदा तरी उपयोगी पडले.